‘फेकू नये’ लिहिलेली डिस्क

आमच्या घरात प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत असे. पासपोर्टच्या झेरॉक्स, त्या झेरॉक्सच्या झेरॉक्स, कुकरची जादा रिंग, जादा शिट्टी, आणि लोणच्याच्या दोन बरण्या, त्यातली एक स्वयंपाकघरात आणि एक बाबांच्या पलंगाखाली. माझे बाबा दोह्याच्या वेस्ट बेमधल्या एका कंपनीत सांडपाण्याच्या नळांचे नकाशे तपासायचे. नकाशात एक नळ तुंबला तर पाणी दुसऱ्या कुठल्या वाटेने जाईल, हे बघण्यात त्यांचा दिवस जाई, आणि संध्याकाळी घरी आले की तीच नजर ते आमच्या संसाराकडे लावत. "वेळ काही सांगून येत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यावर आई म्हणे, "येते हो, पण तुमची पलंगाखालची बरणी बघून दारातूनच परत जाते."

बिन महमूद भागातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वर्ल्ड कप यायला अजून कितीतरी वर्षं होती, पण त्याची धूळ आधीच आली होती. समोरच्या जुन्या इमारती एकामागून एक पाडत होते. आठवड्याचे सहा दिवस ब्रेकरचा धडधडाट चाले, त्याने फडताळातल्या वाट्या एकमेकींवर किणकिणत, आणि आई दिवसातून तीनदा टीव्ही पुसून तीनदा त्याच शब्दांत फुटबॉलला नावं ठेवी. शुक्रवारी ब्रेकर बंद असे. मग इतकं शांत वाटे की कबुतरांचं घुमणं ऐकू येई. पाडलेल्या इमारतींमधली सगळी बेघर कबुतरं आमच्या बाल्कनीत राहायला आली होती. आईने त्यांच्यावर झाडू उगारून पाहिला, मिरचीची धुरी देऊन पाहिली, शेवटी कोणीतरी सांगितलं म्हणून घरातल्या जुन्या सीडी दोरीत ओवून कपड्यांच्या तारेला टांगल्या. चाळीसेक तरी असतील. वारा आला की त्या गरगर फिरत आणि भिंतीवर उन्हाचे तुकडे पळत. कबुतरं घाबरून गेली. आम्हीही सवय होईपर्यंत थोडे घाबरलोच.

त्या घरात मी मराठी ऐकायचे आणि इंग्रजीत उत्तर द्यायचे. आज मी हे मराठीत लिहिते आहे, हे आईने पाहिलं असतं तर तिने आधी शुद्धलेखन तपासलं असतं आणि मग डोळे पुसले असते.

आता विलासमामा. आईचा धाकटा भाऊ, एका स्टेडियमच्या साइटवर सर्व्हेअर. दिवसभर तीन पायांच्या दुर्बिणीला डोळा लावून उन्हात उभा असायचा, राहायचा कंपनीच्या कॅम्पात, आणि गुरुवारी संध्याकाळी कपड्यांची पिशवी घेऊन आमच्याकडे यायचा. शनिवारपर्यंत तो आमच्या हॉलमध्ये झोपे आणि आईच्या हातची शेवभाजी इतक्या भक्तीने खाई की आई वाढतानाच हळवी होई. हेल्मेट आणि काळा चष्मा यांमुळे त्याच्या चेहऱ्याचा नकाशा झाला होता: कपाळ गोरं, डोळ्यांभोवती गोरं, नाक आणि गाल तव्यासारखे, आणि हनुवटीखाली हेल्मेटच्या पट्ट्याची पांढरी रेघ. मामा चौतीस वर्षांचा होता आणि त्याचं लग्न जमत नव्हतं. सटाण्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची, नाव रोहिणी. मुलीला बघायला गावी जायचं तर सुट्टी हवी, आणि सुट्टीचा अर्ज केला की मामाचे साहेब म्हणत, "वर्ल्ड कप झाल्यावर."

म्हणून कांदेपोहे कॉम्प्युटरवर करायचे ठरले. शुक्रवारी दुपारी आमचे चार, तिकडचे साडेसहा. आईने दोन्हीकडे एकाच वेळी पोहे खायचे असा नियमच करून टाकला होता, म्हणजे कार्यक्रम रीतसर झाला असं म्हणता येईल. पण एक मेख होती. रविवारी पुण्याचा एक मुलगा रोहिणीच्या घरी प्रत्यक्ष जाणार होता. "या शुक्रवारी झालं तर झालं," आई म्हणाली, "नाहीतर पुण्याचा मुलगा घेऊन जाईल आणि आपण फुटबॉल बघत बसू."

शुक्रवारी सकाळी मी गृहपाठासाठी कॉम्प्युटर लावला. काळा पडदा, कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिलेली. बंद करून पुन्हा लावला, तेच. हॉलमध्ये मामा डोक्यावरून चादर ओढून झोपला होता, पण झोपलेल्या माणसाच्या पायाची बोटं अशी ताठ नसतात, एवढं मला कळत होतं.

"मामा, व्हॉट डिड यू डू?"

चादरीतून आवाज आला, "काही नाही. जरा इन्स्टॉल केलं होतं."

मग आई समोर उभी राहिल्यावर सगळं बाहेर आलं. कॅम्पातल्या एका मित्राने त्याला एक सीडी दिली होती. त्यातलं सॉफ्टवेअर टाकलं की म्हणे कॅमेऱ्यात चेहरा उजळ दिसतो. मामाने काल संध्याकाळी आम्ही भाजी आणायला गेलो तेव्हा ते टाकलं, कॉम्प्युटरने स्वतःला बंद करून पुन्हा चालू करायला घेतलं आणि मध्येच जीव सोडला. "मुलगी शाळेत विज्ञान शिकवते," मामा म्हणाला, "तिला वाटेल हा माणूस दोन तुकड्यांतून जोडलाय." आईला हसावं की बदडावं कळेना. तिने कांदे चिरायला घेतले, म्हणजे डोळ्यांतून पाणी येण्याला कारण मिळालं.

बाबा मात्र खुलले. आयुष्यभर ज्या वेळेची वाट पाहिली ती न सांगता आली होती. त्यांनी पासपोर्टच्या फाइलीतून ऑपरेटिंग सिस्टीमची मूळ डिस्क काढली, रुमालात गुंडाळलेली, आणि वरच्या मजल्यावरच्या हमीदचाचांना फोन केला. हमीदचाचा रत्नागिरीचे, वेस्ट बेमधल्याच एका ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. ते जुम्म्याचा नमाज आटोपून पांढऱ्या कुर्त्यातच आमच्याकडे आले, खुर्चीत बसले आणि मामाकडे बघून म्हणाले, "काय रं, एवढा इंजिनेर माणूस, आणि तोंड उजळायला निघालास?"

"चाचा, चारला कॉल आहे," मामा म्हणाला. त्याचा आवाज खरंच कापत होता, आणि तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की ही गंमत नाही.

चाचांनी जे समजावलं ते मला आजही आठवतं, कारण कॉम्प्युटरबद्दल मला त्यानंतर जे काही कळलं ते याच पायावर. सिस्टीम नवी टाकायला लागणार होती, त्याला इलाज नव्हता. पण नवी सिस्टीम टाकली की जुने ड्रायव्हर पुसले जातात. कॅमेरा असो, आवाज असो, इंटरनेट असो, प्रत्येकाचा एक ड्रायव्हर असतो, म्हणजे त्या वस्तूशी कसं बोलायचं हे कॉम्प्युटरला सांगणारं छोटं सॉफ्टवेअर. ते नसलं तर वस्तू समोर असून कॉम्प्युटर तिला ओळख देत नाही. आमचा कॉम्प्युटर एका गल्लीतल्या दुकानात जोडून घेतलेला होता. त्यातला एक भाग दुसऱ्या भागाच्या गावचा नव्हता, आणि त्या दुकानाची इमारतही पाडून झाली होती. ड्रायव्हर पुन्हा मागायचे तर कोणाकडे?

"याचा बॅकअप असेल ना, देवरेसाहेब?" चाचांनी विचारलं.

"अर्थात आहे," बाबा म्हणाले. "डी ड्राइव्हवर."

"तो कुठं?"

बाबांनी मेलेल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं आणि बोट दाखवतानाच त्यांच्या लक्षात आलं. दुसरी बरणी पहिल्या बरणीतच ठेवली होती. त्यांचा चेहरा इतका पडला की आईने, जी अशा संधीची पंधरा वर्षं वाट पाहत होती, एक अक्षरही काढलं नाही.

"आणि तोबी जुनाच असणार," चाचा म्हणाले. "घाबरू नका. मशीन उठत नाय, पण पोटातलं सामान जागच्या जागी हाय. पुसायच्या आधी बाहेर काढू." त्यांनी मूळ डिस्क आत सरकवली. कॉम्प्युटर स्वतःच्या जोरावर उठत नव्हता, पण डिस्कच्या आधाराने उठला. तिच्यातच दुरुस्तीचा एक रस्ता होता आणि त्या रस्त्याने गेलं की एक काळी खिडकी उघडे. तिथे अक्षरं टाइप करून आतल्या वस्तू पेन ड्राइव्हवर उचलून ठेवता येत. पेन ड्राइव्ह घरात एकच, आईच्या भजनांनी भरलेला. आईने तो डोळे मिटून दिला आणि म्हणाली, "विलास, तुझ्या लग्नासाठी मी देव घालवले, हे लक्षात ठेव."

टायपिंग माझ्याकडे होतं, कारण चाचांचा चष्मा वर राहिला होता. ते एकेक अक्षर सांगत, मी मारत होते. सी, मग दोन टिंबं, मग ड्रायव्हरचा फोल्डर. काळी खिडकी म्हणाली, असं काही इथे नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. चाचांच्या कपाळावर आठी आली. मामा मागे उभा राहून तोंडातल्या तोंडात मारुतिस्तोत्र म्हणत होता.

त्या दिवसांत दोह्यात कालचा रस्ता आज तिथे नसायचा. शाळेची बस रोज नव्या वळणाने जायची, आणि ड्रायव्हर चुकला की आम्ही पोरं एका सुरात ओरडायचो. तोच शब्द माझ्या तोंडून गेला. "चाचा, मेबी देअर इज अ डायव्हर्शन?"

चाचांनी मांडीवर थाप मारली. "बाय माझी! डिस्कवरनं उठलं की अक्षरं सरकतात. घर तेच, पत्ता बदललाय, सीचा डी झालाय. डी मार, डी." मी डी मारलं. फोल्डर सापडला, आणि फायलींची नावं खिडकीतून भराभर वर सरकायला लागली. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. एरवी ते मार्क बघून ठेवत.

सामान बाहेर आलं, मग जुनी सिस्टीम पुसून नवी टाकली. तिला तासभर लागला. तेवढ्यात आम्ही जेवलो, म्हणजे आईने वाढलं आणि कोणी खाल्लं नाही, चाचा सोडून. सव्वातीनला पेन ड्राइव्हवरचे ड्रायव्हर एकेक करून आत घातले. इंटरनेट आलं. आवाज आला. कॅमेरा आला नाही. त्याच्या नावापुढचं पिवळं चिन्ह हटेना. मामाच्या उजळ सॉफ्टवेअरने आत शिरल्याबरोबर पहिल्यांदा कॅमेऱ्याचा ड्रायव्हर हाकलून स्वतः त्याची जागा घेतली होती.

"काही हरकत नाही," बाबा म्हणाले. गेलेली इज्जत परत मिळवायची हीच वेळ होती. "कॅमेऱ्याबरोबर डिस्क आली होती. मी स्वतः जपून ठेवली आहे. वर ठळक लिहिलंय, ‘फेकू नये’." ते कपाटाकडे गेले, फाइल काढली. फाइलीत डिस्कचं पाकीट होतं. पाकिटात डिस्क नव्हती.

मग आई हळूच बाल्कनीकडे बघायला लागली. आम्ही सगळेच तिकडे बघायला लागलो. दारापलीकडे चाळीस डिस्का शांतपणे फिरत होत्या.

"फेकू नये असं लिहिलं होतं," आई म्हणाली. "म्हणून मी फेकली नाही. टांगली."

बाबांच्या सूचनेचं तंतोतंत पालन झालं होतं. चाचा म्हणाले, "यल्ला, चला, उतरवा," आणि मग जी धांदल उडाली ती विचारू नका. दोऱ्या कापल्या, डिस्का हॉलभर पसरल्या. उन्हाने अक्षरं उडाली होती. मामा, मी आणि आई गुडघ्यांवर रांगत एकेक डिस्क तिरकी धरून वाचत होतो. शेवटी आईलाच एकीवर ‘फे’ आणि ‘ये’ एवढं दिसलं. तिच्यावर कबुतरांनी आपलं मत नोंदवलं होतं. आईने ती भांड्यांच्या साबणाने घासली, चाचांनी ओरखड्यांवर टूथपेस्ट चोळली, पुसली, बिस्मिल्ला म्हणून आत सरकवली. कॉम्प्युटर घरघरला, अडखळला, आणि वाचायला लागला.

चाराला पाच मिनिटं कमी असताना कॅमेऱ्याचा दिवा लागला आणि पडद्यावर मामा उलटा दिसला. पाय वर, डोकं खाली. डिस्कवर चार जातींच्या कॅमेऱ्यांचे ड्रायव्हर होते, आणि आमच्या अंड्याएवढ्या कॅमेऱ्यावर जातीचं नावच नव्हतं. चाचांनी अंदाजाने एक घातला होता, तो बहुधा छताला टांगायच्या कॅमेऱ्याचा. दुसरा घालून पाहायचा तर वेळ नव्हता. कॅमेरा उलटा करावा तर तो उलटा उभा राहीना. तेवढ्यात कॉलची घंटा वाजली. बाबांनी स्टूल ओढलं, पडद्याच्या मागे चढले, कॅमेरा हातात उलटा धरला आणि म्हणाले, "उचल."

सटाण्याच्या हॉलमध्ये रोहिणी, तिचे वडील आणि एक पोह्यांची बशी दिसली. उजळ सॉफ्टवेअर गेल्यामुळे मामाने शेवटच्या क्षणी आईची पावडर गालांना थापली होती. तिने गाल गोरे झाले नव्हते, राखाडी झाले होते.

"तब्येत बरी आहे ना?" रोहिणीच्या वडिलांनी पहिलाच प्रश्न विचारला.

मामा म्हणाला, बरी आहे. मग नोकरी, गाव, मामेकुळ असं रीतीप्रमाणे सुरू झालं. ठरल्याप्रमाणे दोन्हीकडे पोहे खाल्ले गेले. दहाव्या मिनिटाला बाबांचा हात थरथरायला लागला. "तुमच्याकडे भूकंप होतो का हो?" वडिलांनी विचारलं. मामा म्हणाला, समोर बांधकाम आहे. खोटं नव्हतं, फक्त त्या दिवशी शुक्रवार होता. बाबांनी डाव्या हाताने उजवा हात धरला. मी आणि चाचा जमिनीवर बसून त्यांचं स्टूल धरून होतो. मला खालून त्यांचा घाम दिसत होता.

आणि मग कबुतरं आली. साहजिकच होतं, आम्ही त्यांचं भय काढून टाकलं होतं. एक आलं ते थेट बाल्कनीच्या दारातून हॉलमध्ये, तिथून मामाच्या डोक्यावरून पोह्यांच्या बशीत. बाबा दचकले, हात फिरला, आणि सटाण्याला आमचं सगळं घर उलटंपालटं दिसलं: झाडू घेतलेली आई, कुर्त्यावर टूथपेस्ट लागलेले चाचा, जमिनीवरच्या चाळीस डिस्का, स्टूलवरचे बाबा, आणि छतावरून लोंबकळत "शुक, शुक" करणारा नवरा मुलगा. कबुतर गेलं. कॅमेरा सरळ झाला. पलीकडे रोहिणीने पदर तोंडावर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. वडील हसत नव्हते.

"एक विचारू?" रोहिणी सावरून म्हणाली. "कपाळ गोरं आणि गाल असे, हे कशामुळे?"

मामाने रुमाल घेतला आणि पावडर पुसून टाकली. मग त्याने सगळंच सांगितलं. हेल्मेट, ऊन, तुम्हाला पाठवलेला फोटो इथे येण्याआधीचा, उजळ करायचं सॉफ्टवेअर, मेलेला कॉम्प्युटर, टांगलेली डिस्क, उलटा कॅमेरा. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा इतकी लाज होती की मला रडू आलं. सांगून झाल्यावर तिचे वडील म्हणाले, "बरं. आम्ही कळवतो."

‘आम्ही कळवतो’चा अर्थ कुठल्या मराठी घराला सांगावा लागत नाही. मामाने कॉम्प्युटर बंद केला, सगळ्या डिस्का गोळा करून पुन्हा दोरीत ओवल्या आणि बाल्कनीत टांगल्या. आईने सांगितलं नव्हतं. बाबा खुर्चीत बसून म्हणाले, "बॅकअप नीट ठेवला असता तर..." आई त्यांच्या खांद्याला बाम चोळत राहिली. चाचा जाताना मामाला म्हणाले, "इन्शाल्ला होईल रं," पण पायऱ्या चढताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

रविवारी आम्ही तिघे जेवायला बसलो होतो तेव्हा फोन वाजला. पुण्याचा मुलगा त्या दिवशी येऊन गेला असणार, हे गणित प्रत्येकाने मनात केलं होतं. फोनवर रोहिणीचे वडील. "मुलीला एक विचारायचं राहिलंय," ते जरा नाराजीनेच म्हणाले, आणि फोन तिच्याकडे गेला. आईने स्पीकर लावला.

"स्टूलवर उभे होते ते कोण?"

"मुलाचे दाजी," आई म्हणाली. "माझे मिस्टर."

"ते पूर्ण वेळ तो कॅमेरा हातात धरून उभे होते?"

"हो. पाऊण तास."

मग ती म्हणाली, "त्यांचा हात आता कसा आहे?"

मामी पुढे आमच्या घरात आली, आमच्याच फ्लॅटपासून दोन गल्ल्यांवर राहिली, आणि मामाच्या चेहऱ्याचा नकाशा पुसायला तिने कधी काही केलं नाही. ती सांगते की होकार तिने फोन ठेवायच्या आधीच मनात दिला होता. ज्या घरातले दाजी मेव्हण्यासाठी पाऊण तास स्टूलवर उभे राहतात त्या घरात माणसाला पडू देत नाहीत, एवढं विज्ञान तिला येत होतं. पुण्याच्या मुलाबद्दल विचारलं तर म्हणते, चांगला होता, सरळ दिसत होता.

बाबा गेल्यावर त्यांचं कपाट मीच आवरलं. पासपोर्टच्या फाइलीत, रुमालात गुंडाळलेली, ती डिस्क निघाली. बाबांनी अक्षरं पुन्हा गिरवली होती: ‘फेकू नये.’ त्याखाली आईच्या अक्षरात: ‘टांगूही नये.’ ती वाचेल असं यंत्र आता माझ्याकडे नाही, बहुधा कोणाकडेच नाही. मामीने ती मागितली. तिचा हक्क माझ्याहून मोठा आहे हे मला मान्य आहे, तरी मी दिली नाही. मी घरभर शोधलं, पलंगाखालीसुद्धा पाहिलं. बाबांच्या सगळ्या वस्तूंमध्ये ही एकच अशी निघाली, जिची दुसरी प्रत त्यांनी ठेवली नव्हती.